गादीवाल्याचं खंडन

सरांना सगळं जग सर म्हणायचं. विद्यार्थी म्हणायचे, शेजारी म्हणायचे, दूधवाला म्हणायचा, आणि दाढ काढताना दंतवैद्यसुद्धा "सर, आ करा" म्हणायचा. अख्ख्या जगात एकच माणूस त्यांना "अहो" म्हणायचं, ते म्हणजे त्यांची बायको. तर त्या दिवशी सकाळी बायकोनं चहाचा कप टेबलावर आपटला आणि म्हणाली, "सर, चहा."

सरांनी दचकून वर पाहिलं.

"काय म्हणालीस?"

"चहा म्हटलं, सर. गार होईल."

इतक्या वर्षांच्या संसारात भांडणं काय कमी झाली होती? आदळआपट झाली होती, अबोला झाला होता, एकदा तर बायको रागारागानं माहेरी जायला निघाली आणि छत्री विसरली म्हणून परत आली होती. पण त्या सगळ्यात "अहो" शाबूत होतं. "अहो, मी चालले" असंच म्हणाली होती ती तेव्हा. आणि आज एकदम सर! म्हणजे आता घरातसुद्धा आपण दूधवाल्याच्या ओळीत. सरांना चहा गोड लागेना. आणि एवढं सगळं कशावरून, तर मेहुण्यावरून.

हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पुस्तकात याचं डोकं कधी रमलं नाही. कॉलेजात कसंबसं एक वर्ष काढलं आणि वडिलांच्या गाद्यांच्या दुकानात जाऊन बसला. दिवसभर गादीवर बसलं की कुणालाही झोप येईल, याला विचार यायला लागले. आता त्याला कोण काय करणार! विकलेल्या प्रत्येक गादीबरोबर हा एक कार्ड द्यायला लागला आणि त्या कार्डावर एक ओळ. "उशी बदलून स्वप्न बदलत नाही." "ज्याला कूस बदलता येते, त्याला मतही बदलता येतं." असलं काहीतरी. लोक खुळ्यासारखे कार्डांवर तुटून पडले. एक बाई तर म्हणे दुकानात येऊन म्हणाली, घरात गादी टाकायला जागा नाही, नुसतं कार्डच द्या. मग कार्डांचं पुस्तक झालं, एकाची अनेक झाली आणि बघता बघता भिंतीभिंतीवर मेहुण्याचं हसरं तोंड झळकायला लागलं. हाताची घडी, मान जराशी तिरकी, आणि खाली ठळक अक्षरांत 'लोकप्रिय तत्त्वज्ञ'.

एक पोस्टर नेमकं सरांच्या बसथांब्यावर लागलं. सर रोज त्याच्याकडे पाठ करून बसची वाट बघायचे.

पहिल्या पुस्तकाच्या समारंभाला मेहुण्यानं मोठ्या हौसेनं सरांना बोलावलं होतं. "दाजी, दोन शब्द बोला." सर माइकसमोर गेले, पुस्तक हातात धरून जरा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "पुस्तक मऊ आहे. झोप चांगली लागेल." लोक पोट धरून हसले. सगळ्यांत मोठ्यानं मेहुणाच हसला. बायको तेवढी हसली नव्हती.

आता सरांचंही एक पुस्तक होतं हं. सर विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख, म्हणजे पुस्तक हवंच. 'स्मृतीचे स्वरूप: एक प्रास्ताविक विवेचन'. ऐन तारुण्यात लिहिलेलं. हे प्रास्ताविक, मुख्य विवेचन मागून येणार होतं आणि ते अजून येतच होतं. या पुस्तकाबद्दल 'छान आहे' याच्यापुढे कुणी चांगलं बोललं नाही की वाईट बोललं नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तत्त्वज्ञानाच्या धंद्यात कौतुकाला कुत्रं विचारत नाही. "छान लिहिलंय" म्हणजे वाचलेलं नाही, हे त्यांच्यात सगळ्यांना ठाऊक असतं. खरा मान खंडनाचा. कुणीतरी भर सभेत उठावं, तुमच्या एका वाक्यावर बोट ठेवावं, "हे चूक आहे, आणि का चूक आहे ते सांगतो" म्हणावं आणि तासभर तुमची सालटी काढावीत, म्हणजे समजायचं की आपल्याला त्यांच्यात घेतलं. सरांनी दुसऱ्यांची सालटी भरपूर काढली होती. यांची मात्र कुणी काढली नाही. पुस्तक आलं तेव्हा सर प्रत्येक परिषदेत पुढच्या रांगेत ताठ बसून राहायचे, आता कुणीतरी उठेल म्हणून. लोक उठायचे, पण चहाला.

हे दुखणं त्यांनी बायकोलाही कधी दाखवलं नव्हतं.

तर झालं असं, की नव्या कुलगुरूंचा फोन आला. तत्त्वज्ञान विभागात दरवर्षी एक मोठं व्याख्यान व्हायचं. मोठं म्हणजे लांबीनं. ऐकायला विभागातली मूठभर मुलं, त्यातली निम्मी बिस्किटांसाठी. कुलगुरू म्हणाले, "सर, यंदा तुमच्या मेहुण्यांना बोलवा. सभागृह ओसंडून वाहील. नाहीतर असंय, की रिकाम्या खुर्च्यांसाठी एवढी मोठी जागा ठेवणं मला जड जाणार आहे." म्हणजे धमकीच, फक्त इस्त्री केलेली.

बोलवायलाही सरांची हरकत नव्हती. अडचण होती ती रीतीची. विभागात उंच पाठीची एक जुनी लाकडी खुर्ची होती. एरवी तिच्यावर कुणी बसायचं नाही, शिपाईसुद्धा तिच्यावर फडकं मारायचा ते जपून. व्याख्यानाच्या दिवशी वक्त्याला तिच्यावर बसवायचं आणि विभागप्रमुखानं उभं राहून एकच वाक्य म्हणायचं: "आपल्यासमोर एक तत्त्वज्ञ बसले आहेत." बस्स. पदव्यांची जंत्री नाही, स्तुती नाही. विभाग सुरू झाल्यापासून हेच वाक्य, आणि सरांनी ते आजवर प्रत्येक वेळी मनापासून म्हटलं होतं.

"ते वाक्य मी त्या गादीवाल्याकडे बघून म्हणायचं?" सर घरी येऊन गरजले. "जीभ झडेल माझी!"

बायको भाजी चिरत होती. "गादीवाला म्हणजे माझा भाऊ," ती सुरीकडे बघत म्हणाली.

"भाऊ म्हणून लाखात एक आहे गं तो. गाद्याही उत्तम असतात त्याच्या. पण तत्त्वज्ञ? उद्या मी चार टाके घातले तर मला सर्जन म्हणशील का?"

"तुम्हाला बटण लावता येत नाही, टाके कसले घालताय! म्हणणार की नाही तेवढं सांगा."

इथे सरांनी "बघतो" म्हणून वेळ मारून न्यायची होती. कुठल्याही शहाण्या नवऱ्यानं तेच केलं असतं. पण सर पडले तत्त्वज्ञानाचे. ते म्हणाले, "मी एक समिती नेमतो. तत्त्वज्ञ कुणाला म्हणावं याची व्याख्या ठरवू. तो व्याख्येत बसला, तर म्हणेन."

"माझ्या भावासाठी समिती?" बायको म्हणाली. मग उरलेली भाजी दणादणा चिरली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते "सर, चहा".

समितीत माणसं दोन, कारण विभागातच माणसं दोन. एक सर आणि दुसऱ्या तर्कशास्त्राच्या बाई. बाई कमी बोलायच्या, पण जे बोलायच्या ते टाचणी टोचल्यासारखं. विभागाच्या खोलीत कोपऱ्यात एका दाढीवाल्या प्राचीन तत्त्ववेत्त्याचा अर्धपुतळा होता, त्याच्या समोर दोघं बसली.

"लिहा," सर म्हणाले. "तत्त्वज्ञ म्हणजे तत्त्वज्ञान या विषयातली पदवी असलेली व्यक्ती."

बाईंनी लिहिलं आणि पुतळ्याकडे पाहिलं. "यांची पदवी कुठली?"

"त्या काळात विद्यापीठं होती कुठे, बाई?"

"म्हणजे हे तत्त्वज्ञ नाहीत. पुतळा काढायला सांगू का शिपायाला?"

"तसं नव्हे हो. लिहा, पदवी असलेली किंवा मृत व्यक्ती."

"म्हणजे तुमच्या मेहुण्यांनी मेलं की झालं," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

"अहो, मृत आणि थोर!"

"थोर कुणी ठरवायचं?"

"कुणी म्हणजे? तत्त्वज्ञांनी!"

"ते कोण हेच तर ठरवतोय ना आपण?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांना एकदम सुचलं, आणि असं सुचलं की त्यांनी टेबलावर थापच मारली. "पदवीबिदवी सगळं खोडा. लिहा, ज्यानं स्वतःचा एखादा विचार मांडला आहे आणि त्या विचाराचं कुणी जाणत्यानं खंडन केलं आहे, तो तत्त्वज्ञ!" मनात म्हणाले, आता बघू बेट्या. गादीवरच्या कार्डाचं खंडन करायला कोण रिकामं बसलंय!

बाईंनी लिहिलं, वाचलं, मान डोलावली. "ही चांगली आहे. फटी दिसत नाहीत." मग चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. "सर, तुमच्या पुस्तकाचं खंडन कुणी केलं होतं?"

सरांनी परत चष्मा काढून पुसायला घेतला.

"माझंही कुणी केलेलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांना काही वाईटबिईट वाटल्याचं दिसलं नाही. "म्हणजे या खोलीत व्याख्येत बसणारं एकच आहे." आणि पुतळ्याकडे बोट दाखवून त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

सरांनी समिती तिथल्या तिथे बरखास्त केली. पण मनातला काटा काही बरखास्त होईना. वर्गात उभं राहून आयुष्यभर तत्त्वज्ञ कोण, कोण नाही हे सांगत आलो आणि स्वतः कोण, तर नुसते सर. घरी आले तर बायकोचं आपलं तेच: "सर, जेवण झाकून ठेवलंय."

मग मेहुणा आला. आला तो नेहमीसारखा हसत, सोफ्यावर बसला आणि सवयीनं हातानं स्प्रिंगा दाबून बघितल्या. ताई आत चहा करायला गेली तसा पुढे सरकून हळूच म्हणाला, "दाजी, ताईचं मनावर घेऊ नका. ते वाक्य नाही म्हटलंत तरी चालेल. लेखक म्हणा, व्यापारी म्हणा, गादीवाला म्हणा. लोक मला काय काय म्हणतात, कशाला म्हणून रागवायचं!"

"तसं काही नाही रे," सर म्हणाले.

"फक्त एक विचारू का?" मेहुणा पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. "माझं एखादं पुस्तक वाचलंय का हो तुम्ही?"

"छान आहेत," सर म्हणाले.

म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. मेहुण्याचं पोस्टरवरचं हसू क्षणात मावळलं. "हो का," एवढंच म्हणून त्यानं चहा घेतला आणि गेला. हाच शब्द ऐकून आपलं तोंड असंच पडायचं, हे सरांना ओळखू आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. खरीखुरी लाज, कान तापवणारी.

रविवारी दुपारी ते बायकोच्या कपाटातून मेहुण्याचं सगळ्यांत खपलेलं पुस्तक घेऊन बसले. हातात लाल पेन, कारण लाल पेनाशिवाय वाचायची सवयच उरली नव्हती. आणि खोटं कशाला बोला, पुस्तक निम्म्याहून अधिक भंकस होतं. "पायऱ्या वर जात नाहीत, आपण जातो." सरांनी समासात लिहिलं, 'लिफ्टचं काय?' "मौन हा सर्वांत मोठा आवाज आहे." 'मग हळू बोल.' "प्रत्येक दार म्हणजे एक भिंतच असते, पण समजूतदार." यावर तर त्यांनी पेन खाली ठेवून कपाळावर हात मारून घेतला.

आणि मग एका पानावर ही ओळ आली: "ज्याला माफ केलं, त्यानं काय केलं होतं हे अजून आठवत असेल, तर माफ केलेलंच नाही."

"चूक!" सर ओरडले. एवढ्या मोठ्यानं की बायको हात पुसत बाहेर आली.

आता भंकस वेगळी आणि चूक वेगळी. भंकस बाजूला सारता येते, चूक माणसाला बसू देत नाही. हे वाक्य चूक होतं हे सरांना लगेच कळलं, पण का चूक आहे ते मात्र लगेच कळेना, आणि ते कळेना म्हणून त्यांना विलक्षण आनंद झाला. कित्येक वर्षांत इतकं सुरेख चुकलेलं वाक्य त्यांनी पाहिलं नव्हतं. ते खोलीत फेऱ्या मारायला लागले, पुटपुटायला लागले, मधेच वाकून समासात लिहायला लागले. समास भरला तेव्हा ओळींच्या मधून लिहिलं.

बायकोनं लाल झालेलं ते पान बघितलं. "सर," ती म्हणाली, "सरळ फाडूनच टाका ना पुस्तक. शाई कशाला नासताय?"

समजावून सांगायला सरांनी तोंड उघडलं, पण ती आत निघूनही गेली होती.

व्याख्यानाच्या संध्याकाळी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मेहुण्याचे वाचक पायऱ्यांवर बसले होते, खिडक्यांत बसले होते. विभागातली मूठभर मुलं भेदरून एका कोपऱ्यात बिस्किटांच्या टेबलाला चिकटली होती. कुलगुरू खुशीत होते. मेहुणा नवा कोट घालून त्या उंच पाठीच्या खुर्चीवर बसला, सवयीनं बैठक दाबून पाहिली आणि ती दबेना म्हणून जरा बावरला. पहिल्या रांगेत बायको हाताची घडी घालून बसली होती. तिनं नवऱ्याकडे रोखून पाहिलं. आज काय ते बोलायचं होतं. वाक्य म्हटलं तर घर परत मिळणार होतं. आणि वाक्य न पटता म्हटलं, तर इतकी वर्षं मनापासून म्हटलेल्या त्या वाक्याचं काय उरणार होतं?

सर उठले. "आपल्यासमोर एक," ते म्हणाले आणि थांबले.

सभागृह थांबलं. बायको थांबली.

"समोर बसलेल्या या गृहस्थांनी," सर म्हणाले, "त्यांच्या पुस्तकात एक वाक्य लिहिलं आहे. ते चूक आहे. का चूक आहे ते सांगतो."

मागून कुणीतरी "अरे!" म्हणालं. कुलगुरूंनी रुमाल काढला. तर्कशास्त्राच्या बाई मात्र एकदम सावरून बसल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

सरांनी ते माफीचं वाक्य वाचून दाखवलं. "माझे एक काका होते," ते म्हणाले. "त्यांच्या सख्ख्या भावानं त्यांना आयुष्यभर छळलं. म्हातारपणी काका सगळं विसरले. मग त्याच भावाला शेजारी बसवून स्वतःच्या हातानं बिस्किट भरवायचे. लोक म्हणायचे, केवढं मोठं मन! कसलं मन? हा आपला भाऊ आहे हेच त्यांना माहीत नव्हतं! ज्याला काही आठवतच नाही, तो माफ कशाला करणार? या वाक्याप्रमाणे डोक्यात वीट पडलेला माणूस सगळ्या जगाला माफ करून मोकळा झाला म्हणायचा. माफ करणं ही करायची गोष्ट आहे, विसरणं ही होणारी गोष्ट आहे. आणि करायला आधी आठवावं लागतं. आठवत असतानाच माफ करायचं असतं, एरवी कधी करताच येत नाही!"

"खाली बसा!" खिडकीतून आवाज आला. "पाहुणा म्हणून बोलावून अपमान करता होय?" दुसरा ओरडला. पायऱ्यांवर चुळबुळ सुरू झाली. बायको आता जमिनीकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. सर थांबले नाहीत. त्यांना घाम फुटला होता, आवाज चढला होता, आणि इतकं जीव तोडून ते गेल्या कित्येक वर्षांत बोलले नव्हते. मुद्द्यामागून मुद्दा काढत त्यांनी त्या एका ओळीची पुरती सालटी काढली.

आणि मेहुणा? पहिल्या वाक्याला त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. दुसऱ्या मुद्द्याला तो खुर्चीच्या कडेला आला. तिसऱ्याला त्यानं कोपरं गुडघ्यांवर टेकली आणि हनुवटी हातात धरली. हा माणूस वर्षानुवर्षं बहिणीकडे जेवायला येत होता आणि दाजी जेवता जेवता कुणाकुणाची खंडनं करतात ते ऐकत होता. दाजींनी आजवर एकाही गादीवाल्याचं, एकाही दूधवाल्याचं, एकाही कुलगुरूचं खंडन केलं नव्हतं. कुणाचं करतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. सभागृहात गलका वाढला तसा तो हात वर करून आपल्याच वाचकांवर खेकसला, "गप्प बसा हो! ऐकू द्या. पहिल्यांदाच वाचलंय त्यांनी मला!"

सरांचं बोलून झालं. धापा टाकत ते टेबलाला धरून उभे राहिले.

मेहुणा उठला. "दाजी, एक शंका आहे."

"विचार."

"स्मृतीचे स्वरूप. तिसरं प्रकरण."

सरांच्या हातातला चष्मा खाली पडला. कुणीतरी उचलून दिला, त्यांनी तो उलटा घातला.

"तुम्ही तिथे लिहिलंय," मेहुणा म्हणाला, "की आठवण म्हणजे कपाटातून जुनी वस्तू काढणं नव्हे. दर वेळी आठवताना माणूस ती नव्यानं घडवतो. मला ते पटलं, कारण आम्ही तेच करतो. जुनाच कापूस पिंजायचा, पण गादी नवी. बरोबर? आता बघा. ज्यानं माझं वाईट केलं, त्यानं ते एकदा केलं. त्यानंतर आठवून आठवून ते दर वेळी नव्यानं कोण घडवतंय? मीच. मी ते घडवत बसलोय आणि तोंडानं म्हणतोय की मी त्याला माफ केलं. असं कसं? माझी ओळ तुमच्याच प्रकरणातून निघाली, दाजी. आता एक तर तुमचं तिसरं प्रकरण चूक आहे, नाहीतर माझी ओळ बरोबर आहे. दोन्ही कसं जमायचं?"

तर्कशास्त्राच्या बाई कागदावर काहीतरी मांडत होत्या. त्यांनी शेवटची रेघ मारली आणि "पकडलं" म्हणाल्या.

"तू," सर म्हणाले, "तू वाचलंस?"

"दोनदा. पहिल्यांदा काही म्हणजे काही कळलं नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचायचो."

"मग बोलला का नाहीस रे इतकी वर्षं?"

"शंका होती. पण गादीवाल्याची शंका कोण ऐकून घेणार?" मेहुणा म्हणाला. "आणि नुसतं छान आहे म्हणावं, तर तुम्हाला राग येतो."

सरांना रडू आलं. भर सभेत, कुलगुरूंच्या देखत, ते कोटाच्या बाहीनं डोळे पुसायला लागले. ज्या माणसाची त्यांनी परिषदांच्या पुढच्या रांगेत वाट पाहिली, तो रविवार-रविवार त्यांच्याच घरी येऊन सोफ्याच्या स्प्रिंगा दाबत बसला होता. बायको मान वर करून नवऱ्याकडे बघत राहिली. तिनं त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही.

सरांनी नाक ओढलं, चष्मा सुलटा केला, सभागृहाकडे तोंड केलं आणि ताठ उभे राहिले. "आपल्यासमोर," ते म्हणाले, "एक तत्त्वज्ञ..."

"ते राहू द्या हो दाजी!" मेहुणा वैतागून म्हणाला. "ते सावकाश म्हणा नंतर. आधी माझ्या शंकेचं उत्तर द्या!"

ते वाक्य त्या दिवशी राहिलं ते राहिलंच. व्याख्यानही राहिलं. दोघं खुर्चीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांवर तुटून पडले आणि खुर्ची मधे रिकामीच राहिली. मेहुण्याचे काही वाचक कंटाळून निघून गेले, काही थांबले आणि मधेमधे स्वतःच्या सासवांची उदाहरणं द्यायला लागले. बिस्किटं संपली. शेवटी शिपायानं दिवे मालवायला सुरुवात केली तेव्हा कुठे सगळे बाहेर पडले.

घरापर्यंतच्या रस्त्यात बायको पुढे आणि हे दोघे मागे. दर चार पावलांवर थांबायचे, हातवारे करायचे, परत चालायचे. वाटेत तिनं नवऱ्याला कशानंच हाक मारली नाही. ना सर, ना काही. सरांचा एक कान मेहुण्याकडे होता आणि एक तिच्याकडे.

घरी तिनं ताटं मांडली. दोघं हात न धुताच बसले.

"पण घडवणं म्हणजे पुन्हा करणं नव्हे," सर म्हणत होते. "मी चित्रात आग काढली म्हणजे घर पेटत नाही."

"पण चटका बसतोय ना, दाजी? बसतोच की!"

"पुस्तक मऊ आहे. झोप चांगली लागेल," बायको म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. ती हातात भाताचं भांडं घेऊन उभी होती.

"शब्द न् शब्द आठवतोय मला," ती म्हणाली. "माइक कुठे होता ते आठवतं. तुम्ही पुस्तक कसं दाबलंत ते आठवतं. हा गाढव कसा हसला तेही आठवतं."

सरांनी मान खाली घातली. "चुकलं माझं," ते म्हणाले. हे त्यांनी कुठलाही पुरावा न मागता म्हटलं. मग जरा थांबून, भीत भीत मान वर केली. "मग तू मला माफ..."

"हां, थांब ताई!" मेहुणा एकदम पुढे वाकला. "नीट विचार करून सांग, हे फार महत्त्वाचं आहे. तुला सगळं आठवतंय. आता तू माफ केलंस की नाही?"

दोघं तिच्याकडे टक लावून बघायला लागले. हो म्हणाली असती, तर गादीवाल्याची ओळ तिथल्या तिथे आडवी झाली असती. नाही म्हणाली असती, तर दाजींचं सगळं व्याख्यान पाण्यात. सरांना मात्र त्या क्षणी जिंकण्याहरण्याचं काही पडलं नव्हतं. त्यांना फक्त हो ऐकायचं होतं.

"माफबिफ काही केलेलं नाही मी," बायको म्हणाली.

मेहुण्यानं टेबलावर मूठ आपटली. "बघा!"

"तू गप्प रे. विसरलेलीही नाही, आणि विसरणारही नाही." तिनं भांडं टेबलावर ठेवलं, पदर खोचला आणि चमचा उचलला. "अहो, हात धुऊन या आधी. भात गार होतोय."

सरांना यावर निदान दोन आक्षेप सुचले होते. ते मुकाट्यानं उठले आणि हात धुवायला गेले.